मक्याचा मुरघास की संकरित नेपिअर?

नेपिअर म्हणजे जनावरांसाठी लावलं जाणारं उंच गवत, आणि त्याच्या टनांना आपण आधी भुलतो. एकदा ठोंब लावले की काही वर्षं पेरणीची कटकट नाही, दर ४०-४५ दिवसांनी कापणी, हिरव्याचा ढीग. पण त्या ढिगात पाणी किती? कोवळं नेपिअर १०० किलो घेतलं तर पाणी वजा जाता १५ ते २० किलो उरतं. वेळेवर कापलेल्या मक्याच्या मुरघासात, म्हणजे खड्ड्यात किंवा पिशवीत हवाबंद करून मुरवलेल्या हिरव्या कुट्टीत, ३० ते ३५ किलो. म्हणजे गाईच्या पोटात रोज १० किलो शुष्क (पाणी वजा जाता) चारा जायला हवा असेल, तर मुरघास साधारण ३० किलो पुरतो आणि नेपिअर ५० ते ६७ किलो टाकावं लागतं.

शिवाय पोट भरणं वेगळं आणि ऊर्जा मिळणं वेगळं. मक्यात कणीस असतं, दाण्यात स्टार्च असतं. नेपिअरमध्ये नुसतं पान आणि दांडा. कापणी लांबली की तो दांडाही लाकूड होतो. सकाळी गव्हाणीत जे चघळून टाकलेलं दिसतं ते हेच.

मुरघासाचा सगळा खेळ मात्र कापणीच्या दिवसावर आहे. कणीस मोडून दाणा बघा: वरचा निम्मा भाग कडक, खालचा अजून दुधाळ, तीच वेळ. कुट्टीची मूठ आवळा. पाणी गळलं तर थांबा, गोळा सावकाश उकलला तर यंत्र लावा, लगेच विस्कटला तर उशीर झालाय. मग दाबून हवा काढायची, घट्ट झाकायचं, ४५ दिवस हात लावायचा नाही.

प्रथिनांत मका कमीच, ७ ते ९ टक्के. ती भर लसूणघास किंवा पेंडीने काढावी लागते.

माझं मत विचाराल तर भरपूर दुधाच्या गाईंना मुरघास, भाकड गाई आणि मोठ्या कालवडींना नेपिअर. भाकड गाईला मुरघास चारून चरबीच वाढते. आणि दोन-तीनच गाई असतील तर खड्डा नको, पिशव्या भरा. उघडलेल्या तोंडावरून रोज निदान वीतभर थर निघाला नाही तर आत हवा शिरते. हात घातल्यावर मुरघास गरम लागला, की तुमची ऊर्जा तिथेच जळतेय.