चर्च बांधायला कन्सल्टंट लावावा का? आमचा अनुभव, साडेतीन स्टार

आमच्या मंडळीने नवीन चर्चसाठी प्लॅनिंग कन्सल्टंट लावला होता त्याचा हा रिव्ह्यू. फर्मचं नाव टाकत नाही, काम अजून चालू आहे आणि मी बिल्डिंग कमिटीचा सेक्रेटरी, उगाच वाद नको. पॅकेजमध्ये तीन कामं होती, गरज किती ते काढणं, जागा ठरवणं आणि फंड कसा उभा करायचा ते. पहिलं चांगलं, दुसरं एक नंबर, तिसरं... सांगतो पुढे.

आम्ही पहिल्या मीटिंगला गेलो ते हातात थ्रीडी चित्र घेऊनच, उंच मनोरा, रंगीत काचा, सगळं. कन्सल्टंट मॅडमनी ते बघितलं, बाजूला ठेवलं आणि विचारलं, रविवारी माणसं किती येतात? सभासद किती ते नको, येतात किती. पाळकांनी (म्हणजे पास्टरांनी) एक आकडा सांगितला, खजिनदारांनी दुसरा, आणि दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. मग सण सोडून सहा रविवार मी मागच्या दाराशी वही घेऊन उभा, मोठी माणसं वेगळी, मुलं वेगळी. आकडा दोघांच्याही खाली आला, हे लिहायला लाज वाटते पण खरंय.

त्यावरून बाईंनी जे काढलं ते पटलं. हॉल साधारण ८० टक्के भरला की नवीन माणसाला तो फुल्लच वाटतो, तो दारातूनच मागे फिरतो, म्हणजे जागा मोजायची ती तेवढीच धरून. मधली वाट धरून माणशी ढोबळ एक चौरस मीटर, वेदी, कॉयर, खोल्या, पार्किंग सगळं वेगळं. आणि टॉयलेट! आमच्या त्या सुंदर चित्रात एकही टॉयलेट नव्हतं, वर्षभर ते चित्र सगळ्यांना दाखवत फिरलो आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी निघालं असं की आत्ताचा हॉल आम्हाला दोन उपासना करून अजून बरीच वर्षं पुरतो, खरी बोंब संडेस्कूलच्या खोल्यांची आहे. मनोरा तिथेच गेला.

आता जागा. एका सभासदाने प्लॉट दान द्यायची तयारी दाखवली होती आणि मंडळीत सगळे हवेत. देवाने दरवाजा उघडला वगैरे. मीही त्यातलाच. धर्माची गाय नि दात का गं नाय म्हणतात ना, तसं फुकट मिळतंय त्याला कोण नावं ठेवणार? मॅडमनी ठेवली. मोठा पाऊस होऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला मुद्दाम तिथे नेलं. मागच्या कोपऱ्यात पाणी तुंबलेलं, आणि त्यांच्या माणसाने लोखंडी सळई जमिनीत दाबली तर ती लोण्यात जावी तशी आत गेली. भराव टाकलेला होता. सॉइल टेस्टला भोकं पाडली तेव्हा भरावाखाली चिकणमाती निघाली, जी ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणजे पाया खोल नेल्याशिवाय भिंतींना तडे ठरलेले. शिवाय रस्त्याला लागून जो पट्टा होता तो दुसऱ्याच्या नावावर, म्हणजे जायचा हक्क लेखी नसेल तर उद्या आम्ही उपासनेला उडत जाणार का? प्लॉट फुकट पण पाया आणि रस्ता मिळून तो सगळ्यात महाग पडत होता.

देणाऱ्याला हे सांगायचं कोणी यावर कमिटीत तीन मीटिंगा गेल्या. शेवटी मॅडम स्वतः पाळकांबरोबर गेल्या, टेस्टचा रिपोर्ट समोर ठेवला, आणि तो प्लॉट विकून पैसे बिल्डिंग फंडाला द्यायचं त्यांनीच सुचवलं. देणाऱ्यानेही मानलं. या एका कामासाठी सगळी फी वसूल.

दुसरी जागा घेतली तेव्हा तिथे फक्की टाकून खोल्यांचे चौकोन आखून दिले होते. संडेस्कूलच्या टीचर त्या चौकोनात मुलांना बसवून बघत होत्या, आणि तिथेच कळलं की दोन खोल्यांची दारं समोरासमोर उघडून वाटच बंद होते. कागदावर हे आम्हाला दहा वर्षात दिसलं नसतं.

फंडाचं पॅकेज मात्र घेऊ नका, किंवा नीट वाचून घ्या. पहिल्या कोटेशनमध्ये जमलेल्या रकमेवर टक्केवारी मागितली होती. असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या निधी उभारणाऱ्यांच्या संघटनेच्या आचारसंहितेत अशी टक्केवारी घ्यायला मनाई आहे, हे दाखवल्यावर ठरावीक फीवर आले. मग पत्राचा नमुना आला त्यात तिसऱ्या परिच्छेदात दुसऱ्याच चर्चचं नाव तसंच राहिलेलं! नशीब खजिनदारांनी वाचलं, नायतर आम्ही सगळ्यांच्या घरी दुसऱ्यांसाठी दान मागितलं असतं.

त्यातलं कामाचं तेवढं सांगतो. तीन वर्षांत कोण किती देणार याची वचनपत्रं भरून घ्यायची, जाहीर करायच्या आधी मोठे देणारे शांतपणे भेटायचे (सगळ्यात मोठं एक दान एकूण गरजेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास लागतं म्हणे, आमच्याकडे ते प्लॉटचंच आलं), आणि वचनातलं थोडं येणारच नाही हे धरून बजेट करायचं. वर आकस्मिक खर्चाला निदान १० टक्के बाजूला. आमच्या एका ट्रस्टींचं म्हणणं होतं की विश्वासाने सुरू करू, पैसे येतील. त्यांना पाळकांनी बायबलमधल्या लूकच्या १४व्या अध्यायातला बुरूज बांधणारा दाखवला, जो आधी बसून खर्च मोजतो. मी जर्मनीतलं कोलोनचं कॅथेड्रल सांगितलं, १२४८ ला सुरू झालं, सोळाव्या शतकात काम बंद पडलं, अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन तीनशेच्या वर वर्षं तशीच उभी होती आणि पूर्ण झालं १८८० ला. ट्रस्टी म्हणाले, झालं ना शेवटी. यावर काय बोलणार.

आता टप्प्याटप्प्याने चाललंय, आधी खोल्या, हॉल नंतर, आणि खोल्यांची एक भिंत अशी ठेवलीये की पुढे ती काढून वाढवता येईल. दीड स्टार कापला तो फंडासाठी, आणि अजून एका गोष्टीसाठी. ड्रॉइंग आम्हाला फक्त पीडीएफमध्ये दिली, कॅड फाइल (ज्यात ड्रॉइंग पुढे बदलता येतं) मागितली तर म्हणे जादा चार्ज. करारात ते आधीच लिहून घ्या, आम्ही नाही घेतलं.