न पाहता घेतलेली लिलावातली गाडी: एका मेकॅनिकचा अभिप्राय

ऑनलाइन लिलावात घेतलेल्या गाड्या माझ्याकडे तपासायला येतात, त्यावरून लिहितोय. फोटो झकास असतात, पण ओल्या कार्पेटचा कुबट वास फोटोत येत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ आणि सीटखालच्या बोल्टांना गंज असेल, तर गाडी पुरात बुडालेली असण्याची दाट शक्यता. तिचं वायरिंग पुढे कधीही दगा देतं. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. मीटरवर किलोमीटर कमी आणि ब्रेक पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, हेही मी पाहतो; तसं असेल तर मीटर मागे फिरवलेलं असू शकतं. टायर कधी बनला ते कळायला त्यावरचा चार आकडी कोड वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा.

लिलावात दाखवलेल्या व्हिडिओत इंजिन आधीच गरम केलेलं असू शकतं. थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज आणि धूर तिथे कळत नाही, आणि खरी गोम तिथेच असते. त्यात विक्री ‘आहे त्या स्थितीत’, म्हणजे नंतर तक्रारीला फारशी जागा नाही. बोली लावायची सोय मात्र छान आहे. पाहणीला वेळ देणाऱ्या लिलावाला माझ्याकडून चार तारे, न देणाऱ्याला एक.