पणजोबा आयएमएसमधे (इंडियन मेडिकल सर्व्हिस, इंग्रजांच्या काळातली लष्करी डॉक्टरांची सेवा) डॉक्टर होते: त्यांची नोंद शोधायला लंडन गॅझेट बघू की ब्रिटिश लायब्ररी?

आधी ट्रंकेतलं मेडल काढा. पहिल्या महायुद्धातल्या मेडलच्या कडेवर नाव, हुद्दा कोरलेला असतो, आमच्याकडचं चिंचेने घासलं तेव्हा भिंगातून ‘कॅप्ट.’ आणि ‘आय.एम.एस.’ दिसलं.

मग गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र. फुकट, घरबसल्या, १९१४ नंतर टेम्पररी लेफ्टनंट झालेल्या भारतीय डॉक्टरांच्या याद्या तारखेसकट सापडतात. पण सर्च भारी नखरेल, कुलकर्णीचं स्पेलिंग चार तऱ्हेने टाकून बघावं लागतं, आणि हाती काय लागतं तर एक ओळ, माणूस इराकात बसऱ्याला होता की पुण्यात ते कळतच नाही.

ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समधे (लंडनहून भारताचा कारभार बघणाऱ्या खात्याचे कागद) खरा माल आहे, भरतीचे कागद सापडले तर जन्मतारीख, शिक्षण सगळं. फक्त बरंचसं ऑनलाइन नाही, लंडनला कुणाचा तरी भाचा गाठायचा आणि त्याला रीडर पास काढायला लावायचा.

माझं मत, तारीख गॅझेटातून काढा आणि तीच भाच्याला द्या, नुसत्या आडनावावर पाठवलंत तर बिचारा दिवसभर कॅटलॉगच चाळत बसेल.

आणि हो, पणजोबा सब-असिस्टंट सर्जन (खालच्या हुद्द्याचे डॉक्टर) असतील तर किंग्ज कमिशन, म्हणजे राजाच्या नावाने मिळणारी अधिकाऱ्याची सनद, नसायचं, त्यामुळे गॅझेटच्या त्या याद्यांत डोकं खपवू नका.