प्लेराइट एमसीपी वापरून बघितलं, एजंटला कळेल असं लिहिलेलं टूल

मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट एमसीपी या आंब्याच्या सीझनला भरपूर वापरलं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि एआय एजंटला, म्हणजे सांगितलेली कामं आपल्या वतीने करणाऱ्या एआयला, ब्राउजर चालवायला देतं. पण मी हा रिव्ह्यू लिहितोय तो त्याच्या फीचर्ससाठी नाही, त्यातल्या टूल्सची माहिती ज्या पद्धतीने लिहिलीय ना, त्यासाठी.

आधी काय झालं ते सांगतो. मामाची देवगडला हापूसची बाग आहे, ऑर्डर आणि कुरिअरचं सगळं मी पुण्यातून बघतो. एका कुरिअर कंपनीने एजंटसाठी तयार टूल दिलेलं, म्हटलं बरं झालं, काम वाचलं. एजंटला सांगितलं 5 एप्रिलचा पिकअप टाक, 18 पेट्या. त्याने टाकला, बुकिंग नंबर आला, मी निवांत. 5 तारखेला दुपारी मामाचा फोन, "गाडी खंय रे रवली?" बघतो तर पिकअप 4 मे ला! टूलच्या वर्णनात तारखेसमोर फक्त "पिकअपची तारीख" एवढंच लिहिलेलं, एजंटने आपल्या सवयीप्रमाणे 05/04 पाठवलं आणि त्यांच्या सिस्टमने आधी महिना धरला. उत्तरात पण फक्त "यशस्वी" आणि नंबर, तारीख परत दाखवलीच नाही, मग चूक कळणार कशी? आढीतून काढून पेट्या भरून झालेल्या, शेवटी मामाने त्या रात्रीच्या एसटीने पाठवल्या. "वर्ष-महिना-दिवस अशी तारीख द्या, उदाहरण 2026-04-05" ही एक ओळ तिथे असती तर हे झालंच नसतं.

म्हणून मग त्याच कंपनीच्या वेबसाइटवरचा फॉर्म एजंटकडून भरून घ्यायचं ठरवलं, आणि प्लेराइट एमसीपी लावलं. मशीनवर नोड (जावास्क्रिप्टचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर सेटअप दोन मिनिटांचा.

आता एमसीपी म्हणजे काय तर नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने आणलेली पद्धत, त्यात प्रत्येक टूल आपलं नाव, वर्णन आणि लागणारी माहिती एजंटला सांगतं. एजंट निर्णय घेतो तो ह्यावरूनच, आत कोड किती भारी आहे हे त्याला दिसत नाही. आपण माणसं अडलो की शेजारच्याला विचारतो, एजंट बिचारा लिहिलंय तेवढ्यावर चालतो आणि नसेल तिथे अंदाज लावतो.

प्लेराइटमध्ये पान बघायची दोन टूल्स आहेत. एक स्क्रीनशॉट काढतं, दुसरं स्नॅपशॉट घेतं, म्हणजे पानावर काय काय आहे त्याची मजकुरातली यादी, अंध लोकांचे स्क्रीन रीडर जी माहिती वापरतात तीच. दोन्हीची नावं जवळजवळ सारखी, गोंधळ व्हायला किती वेळ लागतो? पण स्क्रीनशॉटच्या वर्णनातच सरळ लिहिलंय की यावरून तुम्हाला क्लिक वगैरे करता येणार नाही, त्यासाठी स्नॅपशॉट वापरा. हे मला फार म्हणजे फार आवडलं. टूल काय करतं हे सगळेच लिहितात, काय करत नाही आणि मग कुठे जायचं, हे कोण लिहितं?

क्लिकचं टूल बघा. त्यात एक रेफ, म्हणजे पानावरच्या त्या बटनाची वगैरे खूण, लागतो, आणि तो कुठून आणायचा तेही तिथेच लिहिलंय, स्नॅपशॉटमधून जसाच्या तसा. सोबत एक साध्या भाषेतलं वर्णन असतं, ते माणसाकडून परवानगी घेण्यासाठी. पुढच्या पिकअपसाठी कॅलेंडर उघडल्यावर यादीत बटन, एप्रिल 12, रेफ ई47 असं आलं आणि एजंटने नेमकं तेच दाबलं, ते वर्णन माझ्यासमोर महिन्याच्या नावासकट आलं तेव्हा जिवात जीव आला.

एरर पण तशाच. पान बदललं आणि जुना रेफ वापरला तर नुसतं "चुकलं" म्हणून सोडत नाही, हा रेफ आता सापडत नाही, नवा स्नॅपशॉट घेऊन बघा असं सांगतं, आणि एजंट खरंच घेतो आणि पुढे जातो. मध्येच पॉपअप आला तर तो कुठल्या टूलने हाताळायचा त्याचं नावही देतं. माझ्या मते एरर मेसेज हाही डॉक्युमेंटेशनचाच भाग आहे, कारण एजंट तो वाचतो अगदी गरजेच्या वेळी.

कमी काय आहे तर टूल्स वीसहून जास्त, सगळ्यांची वर्णनं एजंटच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे तो एका वेळी जेवढा मजकूर लक्षात ठेवू शकतो त्यात, जागा खातात, आणि पान मोठं असेल तर स्नॅपशॉटही लांबलचक येतो, टोकन (एआय मजकूर मोजतो ते तुकडे) जातात. लॉगिन डीफॉल्टने ब्राउजरच्या प्रोफाइलमध्ये टिकून राहतं, ऑफिसच्या मशीनवर असाल तर आयसोलेटेडचा पर्याय चालू करा, म्हणजे ते साठवलं जात नाही. आणि शेवटचं कन्फर्म बटन मी अजूनही स्वतःच दाबतो, पेट्या मामाच्या आहेत.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. कुरिअर कंपनीला तारखेची ती ओळ, एक उदाहरण आणि उत्तरात "रविवार, 5 एप्रिल" असं परत दाखवा, एवढं मेल करून कळवलंय. दुरुस्त केलं तर त्यांचं टूल पुन्हा लावीन, फॉर्म भरण्यापेक्षा ते कितीतरी जलद होतं.