तीन पिनांची कॉर्ड, आत दोनच तारा

दिवाळीत जळगावच्या बाजारातून कॉम्प्युटरसाठी १२० रुपयांची पॉवर कॉर्ड घेतली. "प्युअर कॉपर आहे भाऊ, कशालाही लावा," असं दुकानदार म्हणाला. प्लगवर १० अँपिअर, २५० व्होल्ट कोरलेलं. बिल मी मागितलं नाही, ही चूक माझी.

तेव्हापासून कॅबिनेटला हात लागला की मुंग्या यायच्या. अमळनेरचं आमचं घर जुनं, वायरिंगही जुनं, म्हणून दुर्लक्ष केलं. ती मला मिळालेली सूचना होती, हे नंतर कळलं.

आखाजीला बहिणी माहेरी आल्या. राइस कुकरची कॉर्ड उंदरांनी कुरतडलेली, म्हणून कॉम्प्युटरची काढून लावली. खोबणीत बरोबर बसली. थोड्या वेळात प्लग तापून जळका वास सुटला, आणि ओल्या हातांनी, अनवाणी झाकण काढायला गेलेल्या आईला झटका बसला. हात सुटला म्हणून ती वाचली. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

रात्री कॉर्ड कापली. आत दोनच तारा. अर्थची, म्हणजे गळणारा करंट जमिनीत नेणारी जाड पिन नुसती प्लास्टिकमध्ये रोवलेली, तिला काहीच जोडलेलं नाही. तारेचा तांबूस रंग ब्लेडने खरवडला तर खाली पांढरं ॲल्युमिनियम.

दुकानदाराने मलाच सुनावलं, "कॉम्प्युटरची कॉर्ड कुकरला कशाला लावली?" अहो, १००० वॅटचा कुकर जेमतेम साडेचार अँपिअर ओढतो. कॉर्डवर दहा लिहिलंय! कॉम्प्युटर फार कमी ओढतो, म्हणून सहा महिने खोटेपणा झाकला गेला. पैसे परत मिळाले नाहीत.

खोबण जुळते, अँपिअर पुरेसे आहेत आणि अर्थ खरा आहे, तर कॉर्ड अदलाबदल चालते. किटलीच्या खाच असलेल्या कॉर्डचं वेगळं. ती जास्त उष्णता सोसणारी असते, तिच्या जागी कॉम्प्युटरची बसतच नाही, घासून बसवूही नका. लॅपटॉपच्या अडॅप्टरचं दुसरं टोक तर व्होल्ट जुळल्याशिवाय लावूच नका.

नवी कॉर्ड घेताना दुकानातच मल्टिमीटर (तार आतून जोडलेली आहे का, हे बझर वाजवून सांगणारं मीटर) लावायला सांगा: मीटरचं एक टोक जाड पिनेला, दुसरं कॉर्डच्या दुसऱ्या बाजूच्या मधल्या भोकात. बझर वाजलाच पाहिजे. आयएसआय खुणेखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विचही बसवून घ्या. आम्ही आईला झटका बसल्यावर बसवला.

धाकट्या बहिणीने धुळ्याला परतल्यावर तिच्या मुलाच्या कॉम्प्युटरची कॉर्ड तपासली. बझर वाजला नाही.