प्रथिननिर्मितीचा चुंबकी संच : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवते. प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए बनणे), भाषांतरण (आरएनएवरून प्रथिन बनणे), स्थानांतरण ही प्रथिननिर्मितीतली तीन नावे मुले घडाघडा म्हणतात, पण पेशीत नेमके काय घडते हे विचारले की वर्ग गप्प होतो. म्हणून गेल्या जूनमध्ये १,८०० रुपयांना हा संच मागवला. त्यात पत्र्याचा फळा, प्रथिनाचा निरोप आणणाऱ्या संदेशवाहक आरएनएची ए, यू, जी, सी ही अक्षरे असलेले चुंबकी चौकोन, फोमचा रायबोसोम (पेशीत प्रथिन जोडणारे यंत्र), अमिनो आम्ले आणून देणाऱ्या टीआरएनएचे पुठ्ठ्याचे तुकडे आणि अमिनो आम्लांसाठी वीस रंगांचे मणी आहेत.

फोमचा रायबोसोम ही यातली सर्वांत उपयोगी वस्तू. तो एका वेळी तीन अक्षरे पुढे सरकवावा लागतो, आणि स्थानांतरण म्हणजे हेच सरकणे, हे मुलांना स्वतःच्या हातांनी कळते. एयूजीपाशी अमिनो आम्लांची साखळी, म्हणजेच प्रथिन, सुरू होते. यूएए, यूएजी किंवा यूजीए आले की जुळणारा टीआरएनए सापडत नाही आणि काम थांबते.

एका अमिनो आम्लाचा संकेत तीन अक्षरांचाच का, हा प्रश्न दरवर्षी येतो. यंदा त्याचे उत्तर मी डॉ. हरगोविंद खुराणा यांच्या प्रयोगातून दिले. याच विषयावरील कामासाठी त्यांना १९६८चे नोबेल विभागून मिळाले होते. यू आणि सी आलटूनपालटून येणाऱ्या आरएनएपासून त्यांना सेरिन आणि ल्युसिन ही अमिनो आम्ले एकाआड एक असलेली साखळी मिळाली. तोच आरएनए आम्ही फळ्यावर मांडला. दोन-दोन अक्षरे वाचली तर एकच संकेत पुन्हा पुन्हा येतो; तीन-तीन वाचली की यूसीयू, सीयूसी, यूसीयू असे दोन संकेत आळीपाळीने येतात. हे मुलांनीच शोधून काढले, आणि त्या तासाने संचाची किंमत वसूल झाली असे मी मानते.

आमच्या वर्गातील अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी यंत्रमागावर काम करतात, त्यामुळे जेकार्डची भोके पाडलेली कार्डे त्यांच्या ओळखीची आहेत. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो आणि चादरीवर नक्षी उमटते, पण कार्ड स्वतः चादरीत विणले जात नाही. तसाच संदेशवाहक आरएनए प्रथिनाचा भाग होत नाही. तुलना मात्र इथेच थांबवावी, कारण कार्डे वर्षानुवर्षे चालतात, तर हा आरएनए बहुधा काही मिनिटांत किंवा तासांत मोडला जातो.

उणिवाही आहेत. टीआरएनएचे तुकडे चौथ्या महिन्यातच कडेने सुटले. दोन निळे मणी मागच्या बाकावरून सारखेच दिसतात. त्यांच्या जागी आता मुलांनी आणलेल्या रंगीत सुताच्या गाठी वापरतो. सोबतच्या तक्त्यात यूजीजी हा थांबण्याचा संकेत छापला आहे, वास्तविक तो ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा. विक्रेत्याला कळवूनही दुरुस्त तक्ता आला नाही.

सर्वांत मोठी उणीव एका विद्यार्थिनीने दाखवली. “बाई, टीआरएनएला बरोबर मणी कोण लावतं?” संचात मणी आधीच लावून ठेवायचे असतात. पेशीत हे काम विशिष्ट विकरे (एन्झाइम) करतात, साधारणपणे प्रत्येक अमिनो आम्लासाठी एक, आणि अक्षरांची भाषा अमिनो आम्लांच्या भाषेशी खऱ्या अर्थाने तिथेच जोडली जाते. त्यासाठी संचात एकही तुकडा नाही. जानेवारीत आम्ही पुठ्ठ्याची वीस विकरे कापली, प्रत्येकाला आपलाच मणी बसेल अशी खाच ठेवली, आणि आता भाषांतरणाचा तास त्यांच्यापासूनच सुरू होतो.