प्रोक्रिएट की क्लिप स्टुडिओ: कौलांनी दिलेला कौल

टॅब्लेट घेतलाय, पेनही आलंय, आता चित्रं काढायला अ‍ॅप कुठलं घेऊ, असं महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतं. मी पटकन उत्तर देत नाही, कारण माझं उत्तर माझ्या कामातून आलेलं आहे. मुलांच्या पुस्तकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी काळ्या शाईची रेखाटनं, हे माझं काम. रंग नंतर, आणि तेही बेताचेच. तुम्ही निसर्गचित्रं रंगवणारे असाल, तर पुढचं सगळं जरा उलटं धरून वाचा.

आयपॅडवाल्यांपुढे पहिलं नाव येतं प्रोक्रिएटचं. २०११ पासूनचं अ‍ॅप, कंपनी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाची. एकदा पैसे मोजले की पुन्हा कोणी दारात येत नाही, हे त्याचं मोठं सुख. त्यातली ६बी पेन्सिल तिरकी धरून छाया द्यायला लागलं की कार्ट्रिज पेपरची खरखर आठवते. पडदाही मोकळा, हाताखाली बटणांची गर्दी नाही. दोन गोष्टी मात्र माहीत असू द्या. चित्र बंद करून गॅलरीत गेलात की मागे जायची (अनडूची) वाट बंद, तोवरच्या २५० पायऱ्या पुसल्या जातात. आणि लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर, किती मिळणार ते कागदाच्या आकारावर आणि आयपॅडच्या मेमरीवर ठरतं. ए-४ आकार, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. एवढ्यात माझं भागतं. पोस्टर करणाऱ्यांनी आधी हिशेब बघावा.

मग अडलं कुठे? कौलांवर.

कोकणातल्या एका घराचं चित्र होतं. पुढे ओटी, पडवी, वर मंगळुरी कौलांचं उतरतं छप्पर. कौलांच्या ओळी काढताना हात जोरात मारावा लागतो, तरच रेषेला जीव येतो. हळू, सांभाळून काढलेली रेष थरथरते आणि छप्पर आजारी दिसतं. पण जोरात मारलेली रेष हवी तिथे थांबत नाही, पुढच्या रेषेला ओलांडून दोन मिलिमीटर शेपूट काढते. एका छपरात अशी शंभरेक शेपटं. पूर्वी कागदावर क्रोक्विलने, म्हणजे बारीक टोकाच्या निबने, काढायचो तेव्हा शून्य नंबरच्या ब्रशने पांढरा पोस्टर कलर लावून ती बुजवायचो. टॅब्लेटवर आल्यावर हा जाच संपेल अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात चित्र मोठं करा, खोडरबर बारीक करा, शेपूट पुसा, पुसताना शेजारची रेष कुरतडली गेली की मागे जा, पुन्हा पुसा. छप्पर काढायला अर्धा तास, आवरायला दोन. यात प्रोक्रिएटचा दोष नाही. तिथे रेष म्हणजे शेवटी पिक्सेलच, आणि पिक्सेलला आपण कुठल्या रेषेचे हे ठाऊक नसतं.

क्लिप स्टुडिओ पेंटमधल्या व्हेक्टर लेयरवर रेष ही रेष म्हणूनच लक्षात ठेवली जाते. खोडरबराला ‘छेदबिंदूपर्यंत पूस’ असं सांगून ठेवायचं आणि शेपटाला नुसता स्पर्श करायचा. शेपूट जातं, शेजारची रेष जागच्या जागी. पहिल्यांदा केलं तेव्हा मी गरज नसताना चार शेपटं मुद्दाम काढून पुसून पाहिली. अख्खं छप्पर दहा-बारा मिनिटांत आवरलं असेल. घड्याळ लावलं नव्हतं, पण चहा गार व्हायच्या आत झालं. शिवाय चित्र छोट्या आकारात छापायचं ठरलं आणि रेषा बारीक वाटल्या, तर त्या नंतरही जाड करता येतात. संपादकांचे फोन कधी येतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना याची किंमत कळेल.

आता खोटं कशाला बोलू, क्लिप स्टुडिओ अंगावर येतं. जपानच्या सेल्सिसचं हे अ‍ॅप मुळात कॉम्प्युटरवर कॉमिक्स करणाऱ्यांसाठी घडलेलं, त्यामुळे टॅब्लेटवरही चहूबाजूंनी पॅलेटच पॅलेट. पहिला आठवडा मी नुसता शोधत होतो. व्हेक्टर लेयरवर रंगाची बादली ओतता येत नाही. त्यासाठी खाली साधा लेयर घ्यावा लागतो, हेही दोनदा विसरून झालं. आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे भाडं. कॉम्प्युटरवर एकरकमी विकत मिळतं, टॅब्लेटवर मात्र महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरत राहायचे. ज्याचं काम वर्षातून चार चित्रांचं, त्याला हे महाग पडेल, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण अँड्रॉइड टॅबवरही ते चालतं, आणि प्रोक्रिएट तिथे नाहीच. त्यामुळे अँड्रॉइडवाल्यांचा अर्धा प्रश्न परस्पर सुटतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. स्केचबुक हलकंफुलकं, गाडीत बसून टिपणं काढायला छान. २०२१ मध्ये ते ऑटोडेस्कमधून वेगळं झालं. क्रिटा फुकट आणि मुक्त, कॉम्प्युटरवर तर उत्तमच. अँड्रॉइडवरही मिळतं, पण त्याच्या व्हेक्टर लेयरवर ब्रश चालत नाही, म्हणजे माझ्या कौलांना उपयोग नाही. आयबिस पेंट शाळकरी मुलांचं लाडकं. फुकट वापरायचं तर जाहिराती बघायची तयारी हवी. फ्रेस्कोचं नाव मात्र जरा थांबून घ्यायला हवं. अ‍ॅडोबीने ते ऑक्टोबर २०२४ मध्ये फुकट केलं, त्यात जलरंग खरोखर ओल्या कागदावर पसरावा तसा पसरतो, आणि व्हेक्टर रेषांची शेपटं छाटायची सोय त्यातही आहे. मी निवड केली तेव्हा ते फुकट नव्हतं आणि आता माझा हात दुसरीकडे बसलाय. आज नव्याने सुरुवात करणाऱ्या आयपॅडवाल्याने आधी तेच चाळून बघितलं, तर मी अडवणार नाही.

प्रोक्रिएट मी काढून टाकलेलं नाही. पहिलं कच्चं रेखाटन अजून तिथेच होतं, ६बी पेन्सिलीसाठी. मग पीएसडी (फोटोशॉपची फाइल) करून क्लिप स्टुडिओत आणतो आणि शाई तिथे चढवतो. संवादाच्या फुग्यांमधली अक्षरं दोन्हीकडे टाकत नाही. फुगे रिकामे ठेवतो, मजकूर मांडणी करणारा भरतो.

ठरवायचंच असेल तर चाचणीच्या दिवसांत ब्रशचे नमुने गिरवत बसू नका. एक गजांची खिडकी काढा. आठ उभे गज, तीन आडव्या पट्ट्या, हात न आखडता. मग ती साफ करायला बसा.